आंकड्याआडचा ऑस्कर रॉबर्टसन

कीर्ति ही मोठी लहरी वस्तु आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. कित्येकांस ती मुळींच मिळत नाहीं. कित्येकांस मिळते, पण फार उशिरां मिळते. आणि कांहीं थोड्यांच्या वांट्यास ती अशा चमत्कारिक रीतीनें येते कीं, ज्या गोष्टीमुळें त्यांचें नांव सर्वतोमुखीं होतें, तीच गोष्ट त्यांच्या खऱ्या योग्यतेवर पडदा टाकते. इतिहासाच्या अभ्यासकास हा तिसरा प्रकार विशेष बोधप्रद वाटतो. कारण पहिल्या दोहोंत दोष अज्ञानाचा असतो, ह्यांत अर्धवट ज्ञानाचा असतो. आणि अर्धवट ज्ञान दूर करणें हें अज्ञान दूर करण्याहून पुष्कळ कठीण आहे. अमेरिकेंतील बास्केटबॉलचा खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन हा ह्या तिसऱ्या वर्गांत मोडतो, असें आमचें मत आहे. आणि तें सप्रमाण मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वाङ्मयाच्या मासिकांत चेंडूच्या खेळाची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, एखाद्या समाजाचा इतिहास जसा त्याच्या कायद्यांत व लढायांत सांपडतो, तसाच तो त्याच्या करमणुकींतही सांपडतो. शिवाय एखाद्या माणसाचें मोठेपण कोणत्या मापानें मोजावें, हा प्रश्न केवळ खेळापुरता नाहीं. कवि, सेनापति, मुत्सद्दी ह्या सर्वांविषयीं तो आपण विचारीत असतों, आणि बहुधा त्याचें उत्तर घाईनें देत असतों.

प्रथम खेळाविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. १८९१ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड गांवीं जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें, हिवाळ्यांत बंदिस्त जागेंत मुलांस व्यायाम व्हावा म्हणून, पीचच्या फळांच्या दोन टोपल्या उंचावर बांधून हा खेळ सुरू केला. प्रत्येक बाजूस पांच गडी. त्यांतले उंच, धिप्पाड गडी टोपलीजवळ उभे राहून झुंजतात. आणि चेंडू मैदानाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सुरक्षित आणणें, कोणास केव्हां द्यावा हें ठरविणें, व संधि सांपडतांच स्वतः टोपलींत टाकणें, हें काम गार्ड ह्या नांवाच्या दोन गड्यांकडे असतें. खेळाडूची कामगिरी मुख्यतः तीन सदरांखालीं मांडतात. पहिलें सदर त्यानें स्वतः मिळविलेल्या गुणांचें. दुसरें, नेम चुकून उसळलेला चेंडू हस्तगत करण्याचें, ज्यास रिबाउंड म्हणतात. तिसरें, सोबत्यास गुण मिळेल असा चेंडू त्याच्या हातीं देण्याचें, ज्यास असिस्ट म्हणतात. पहिलें काम नेमबाजाचें, दुसरें धिप्पाडाचें, तिसरें चतुराचें. तिन्ही एकाच माणसाच्या अंगीं असणें ही गोष्ट किती विरळा असेल, हें वाचकांच्या सहज लक्षांत येईल.

१९६१-६२ च्या मोसमांत, राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या म्हणजे एन्. बी. ए. च्या सामन्यांत, सिन्सिनाटी रॉयल्स ह्या संघाचा गार्ड ऑस्कर रॉबर्टसन ह्यानें प्रत्येक सामन्यास सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड व ११.४ असिस्ट अशी कामगिरी केली. तिन्ही सदरांत दहांच्या वर सरासरी ठेवून अखंड मोसम पार पाडणारा तो पहिला खेळाडू. इतकेंच नव्हे, तर त्याच्या पहिल्या पांच मोसमांची एकत्रित सरासरी काढली, तरी ती तिन्ही सदरांत दहांच्या वर भरते. रॉबर्टसनचें नांव ज्यांनीं ऐकलें आहे, त्यांस बहुधा एवढेंच ठाऊक असतें. आणि आमची तक्रार आहे ती नेमकी ह्या 'एवढेंच' विषयीं.

ह्या आंकड्याचा इतिहासच मोठा मौजेचा आहे. १९६२ सालीं त्याकडे कोणाचें फारसें लक्षच गेलें नाहीं. त्या मोसमांत सर्वांचे डोळे विल्ट चेंबरलेन ह्या सात फुटांहून उंच खेळाडूकडे लागले होते. त्यानें सामन्यास सरासरी ५०.४ गुण मिळविले, आणि २ मार्च १९६२ रोजीं पेन्सिल्व्हानियांतील हर्शी गांवीं एकट्यानें १०० गुण केले. मोसमांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान मात्र बॉस्टनच्या बिल रसेल ह्यास मिळाला, आणि मतमोजणींत रॉबर्टसन तिसरा आला. त्याच्या तिहेरी पराक्रमाचा गवगवा झाला नाहीं, ह्याचें साधें कारण असें कीं, त्या पराक्रमास तेव्हां नांवच नव्हतें. ट्रिपल-डबल ही संज्ञा १९८० च्या सुमारास, मॅजिक जॉन्सन ह्या तरुण खेळाडूच्या कौतुकाच्या ओघांत, रूढ झाली. संज्ञा मिळाल्यावर लोक मागें वळून पाहूं लागले, आणि अठरा-वीस वर्षांपूर्वीं एका माणसानें अखंड मोसमभर हीच गोष्ट करून ठेविली आहे, हें त्यांस दिसून आलें. त्या दिवसापासून रॉबर्टसन म्हणजे तो आंकडा, असें समीकरण झालें. नांव नव्हतें तोंवर पराक्रम दिसला नाहीं. आणि नांव मिळाल्यावर माणूस दिसेनासा झाला.

पण दैवास एवढ्यावर समाधान नव्हतें. २०१६-१७ च्या मोसमांत रसेल वेस्टब्रुक ह्यानें तिन्ही सदरांत दहांच्या वर सरासरी राखली, आणि एका मोसमांत ४१ ट्रिपल-डबल हा रॉबर्टसनचा उच्चांक ४२ करून मोडला. पुढें त्यानेंच आणखी तीन मोसम तसें करून दाखविलें. १० मे २०२१ रोजीं रॉबर्टसनचा सबंध कारकीर्दींतील १८१ चा उच्चांकही त्यानें मागें टाकला. २०२४-२५ मध्यें निकोला योकिच ह्यानेंही तशी सरासरी राखली. पंचावन्न वर्षें जें अद्वितीय होतें, तें आठ-नऊ वर्षांत पुनःपुन्हां घडलें. तेव्हां साहजिकच पुष्कळांनीं असा निष्कर्ष काढला कीं, ही वस्तु मुळांतच स्वस्त असली पाहिजे. आणि ज्याचें सर्व भांडवल त्या एका आंकड्यांत गुंतलें आहे, असें त्यांनीं मानलें होतें, त्या माणसाची किंमतही त्यांनीं उतरविली. असा हा न्याय! आधीं माणसास एका आंकड्यांत कोंडावयाचें, आणि मग आंकडा घसरला म्हणून माणूस घसरला असें म्हणावयाचें.

आतां ह्या माणसाचें मूळ पाहूं. ऑस्कर रॉबर्टसनचा जन्म २४ नोव्हेंबर १९३८ रोजीं टेनेसी संस्थानांत एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. तो लहान असतांनाच हें कुटुंब इंडियाना संस्थानाच्या राजधानींत, इंडियानापोलिस येथें, पोटापाण्यासाठीं आलें. घरीं चेंडू विकत घेण्याची ऐपत नव्हती. चिंध्या रबरी पट्ट्यांनीं गुंडाळून केलेला गोळा किंवा टेनिसचा जुना चेंडू, आणि परसांत टांगलेली पीचची टोपली, एवढ्या साहित्यावर ह्या मुलाचा अभ्यास सुरू झाला. नेस्मिथनेंही पीचच्या टोपल्यांनींच आरंभ केला होता; परंतु तेथें ती सोय होती, येथें ती गरज होती.

इंडियाना हें संस्थान ह्या खेळाचें माहेरघर समजलें जातें. तेथें माध्यमिक शाळांचे सामने म्हणजे गांवोगांवचा उत्सवच. परंतु १९२७ सालीं इंडियानापोलिस येथें कृष्णवर्णीय मुलांस इतरांपासून वेगळें काढण्यासाठीं एक स्वतंत्र शाळा उघडण्यांत आली. १७७० सालीं बॉस्टन येथें इंग्रज शिपायांच्या गोळीबारांत पडलेल्या क्रिस्पस ॲटक्स ह्या कृष्णवर्णीय पुरुषाचें नांव तिला दिलें होतें. शाळेचें क्रीडागृह इतकें अपुरें होतें कीं, तिच्या मुलांस सामने परक्या जागीं खेळावे लागत. ह्याच शाळेंत रे क्रो नांवाच्या शिक्षकाच्या हाताखालीं रॉबर्टसन तयार झाला. १९५४ सालीं मायलन नांवाच्या एका चिमुकल्या गांवाच्या शाळेनें ॲटक्सला हरवून पुढें संस्थानाचें अजिंक्यपद मिळविलें. त्या लहान गांवाच्या विजयावर आधारलेला चित्रपट १९८६ सालीं निघाला व फार लोकप्रिय झाला. त्यानंतरच्या दोन वर्षांचा इतिहास मात्र चित्रपटवाल्यांस तितका मोहक वाटला नसावा. १९५५ सालीं ॲटक्सनें ३१ सामने जिंकून व एकच हरून तें अजिंक्यपद पटकाविलें. सर्व शाळांस खुल्या असलेल्या संस्थानी स्पर्धेंत केवळ कृष्णवर्णीयांच्या शाळेनें विजयी होण्याची अमेरिकेंतील ही पहिली वेळ. आणि इंडियानापोलिस शहरासही हें पद त्यापूर्वीं कधीं मिळालें नव्हतें. पुढल्या वर्षीं ३१ पैकीं ३१ सामने जिंकून ती शाळा पुन्हां विजयी झाली. ओळीनें ४५ विजय तिच्या खातीं जमा झाले.

१९५५ च्या त्या विजयानंतर जें घडलें, तें सांगितल्यावांचून रॉबर्टसनचें पुढील आयुष्य उलगडत नाहीं. विजयी संघाची मिरवणूक शहराच्या मध्यभागीं असलेल्या स्मारकाच्या चौकांत न्यावी आणि तेथें नागरिकांनीं आनंदोत्सव करावा, असा रिवाज होता. ॲटक्सच्या मुलांस आगीच्या बंबावर बसवून त्या चौकास एक फेरी घातली, आणि तेथें थांबूं न देतां गाडी कृष्णवर्णीयांच्या वस्तींतील एका बागेकडे वळविली. शहरास पहिलें अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या मुलांस शहराच्या चौकांत उभें राहूं द्यावयास शहराचे अधिकारी धजले नाहींत! रॉबर्टसन तेव्हां सोळा वर्षांचा होता. हा घाव कधीं बुजला नाहीं, असें त्यानें पुढें अनेकदां बोलून दाखविलें आहे. पण त्या घावानें तो कडवट होऊन बसला नाहीं, आणि विसरलाही नाहीं. जिंकणें आणि मान मिळणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें तो त्या दिवशीं शिकला, असें आम्ही समजतों.

सिन्सिनाटी विद्यापीठांतील त्याच्या कारकीर्दीविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. तीन मोसमांत सामन्यास सरासरी ३३.८ गुण, तिन्ही वर्षीं राष्ट्रांतील सर्व विद्यार्थी-खेळाडूंत गुणसंख्येंत पहिला क्रमांक, आणि १९५९ व १९६० ह्या दोन्ही वर्षीं विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चौघांत. पण ह्याच काळांत संघ दक्षिणेकडे खेळावयास गेला म्हणजे त्यास सोबत्यांबरोबर हॉटेलांत राहूं देत नसत. ह्यूस्टन येथें तर त्यास कृष्णवर्णीयांच्या एका कॉलेजांत एकट्यानें मुक्काम करावा लागला. ज्याच्या खेळासाठीं तिकिटें विकलीं जात, त्यास अंथरूण मिळत नसे. १९६० सालीं रोम येथील ऑलिंपिक सामन्यांत तो व जेरी वेस्ट ह्या दोघांनीं अमेरिकेच्या संघाचें जोडनेतृत्व केलें, आणि त्या संघानें एकही सामना न हरतां सुवर्णपदक आणिलें.

आतां मुख्य वादाकडे वळूं. रॉबर्टसनला पहिल्या पंक्तींत बसविण्यास जे नाखूष असतात, त्यांचे आक्षेप तीन आहेत. तिन्ही आक्षेप विचारी माणसांचे आहेत. म्हणून त्यांचा विचारही मनःपूर्वक केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा कीं, त्या काळीं खेळ फार वेगानें चाले, म्हणून सर्वांचेच आंकडे फुगत. हें खरें आहे. १९५४ सालीं चोवीस सेकंदांच्या आंत चेंडू टोपलीकडे टाकलाच पाहिजे असा नियम झाला, आणि खेळ धांवूं लागला. १९६१-६२ मध्यें प्रत्येक संघ एका सामन्यांत शंभरांहून अधिक वेळां नेम धरी, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक नेम चुकत. त्यामुळें एका संघास सामन्यागणिक सत्तरांच्या वर रिबाउंड मिळत. अलीकडे हीच संख्या चव्वेचाळीसच्या आसपास असते. ह्या प्रमाणानें रॉबर्टसनचे साडेबारा रिबाउंड आजच्या हिशेबानें पावणेआठांवर येतात. शिवाय तो सामन्याच्या ४८ मिनिटांपैकीं सरासरी ४४ मिनिटें मैदानावर असे. तेव्हां नुसत्या बेरजेवर भाळून जाणारांनीं थोडें सबुरीनें घ्यावें, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों.

पण हा हिशेब येथेंच सोडून देणें म्हणजे अर्धें गणित सोडवून पाटी पुसण्यासारखें आहे. तो वेग एकट्या रॉबर्टसनला लाभला नव्हता. त्याच मोसमांत, त्याच नियमांखालीं, इतर सर्व गडीही खेळत होते. मग त्यांच्यापैकीं एकासही ती तिहेरी सरासरी कां साधली नाहीं? दुसरें असें कीं, वेगानें बेरीज फुगते, अचूकपणा फुगत नाहीं. घाईंत उलट नेम चुकावयाचा. ज्या काळांत सर्व खेळाडूंचे मिळून शंभरांपैकीं सुमारें बेचाळीस-त्रेचाळीस नेम साधत, त्या काळांत हा गार्ड शंभरांपैकीं अठ्ठेचाळीस साधीत होता. सबंध कारकीर्दीचें त्याचें प्रमाण ४८.५ पडतें. लांबून टाकलेल्या चेंडूस तीन गुण देण्याचा नियम एन्. बी. ए. मध्यें १९७९ सालीं आला, म्हणून लांबच्या नेमाचें वेगळें बक्षीसही त्यास नव्हतें. तिसरें, असिस्टचा हिशेब त्या वेळीं आजच्याहून कडक धरीत. तरीही सहा मोसमांत त्यानें त्या सदरांत सर्वांवर आघाडी ठेविली. कारकीर्दीअखेर त्याच्या ९,८८७ असिस्ट झाल्या होत्या, आणि तो त्या वेळचा उच्चांक होता. वेगाची वजाबाकी करून झाल्यावरही जें शिल्लक राहतें, तें पहिल्या प्रतीचेंच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रॉबर्टसनच्या नांवावर अजिंक्यपद एकच आहे, आणि तेंही महाबलाढ्य करीम अब्दुल-जब्बार (त्या वेळचें नांव ल्यू ॲल्सिंडर) ह्याच्या सोबतीनें मिळालेलें आहे. खेळाचा अंतिम हेतु जिंकणें हा असेल, तर जो दहा वर्षें एका संघांत राहून एकदांही अजिंक्य झाला नाहीं, त्यास थोर कसें म्हणावें?

ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं तो कोणत्या संघांत गेला हें पाहावें. रॉयल्सचा सर्वश्रेष्ठ गडी मॉरिस स्टोक्स हा १९५८ सालीं सामन्यांत पडून डोक्यास मार बसल्यामुळें पुढें पक्षाघातानें कायमचा अंथरुणास खिळला होता. त्यानंतरच्या दोन मोसमांत त्या संघानें प्रत्येकीं १९ च सामने जिंकले. रॉबर्टसन येतांच पहिल्या वर्षीं ३३, दुसऱ्या वर्षीं ४३, आणि १९६३-६४ मध्यें ५५ सामने जिंकले गेले. परंतु समोर बॉस्टन सेल्टिक्स होते, ज्यांनीं १९५७ पासून १९६९ पर्यंतच्या तेरा वर्षांत अकरा अजिंक्यपदें घेतलीं. १९६२ नंतर रॉयल्सची रवानगी नेमकी बॉस्टनच्याच विभागांत झाली, म्हणजे अंतिम सामन्याचा रस्ता ह्या पहाडावरूनच जाऊं लागला. १९६३ सालीं त्यांनीं बॉस्टनला सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत ओढलें. त्या सामन्यांत रॉबर्टसननें ४३ गुण केले. बॉस्टनच्या सॅम जोन्सनें ४७ केले. आणि रॉयल्स हरले.

पराभूत पक्षांतील पराक्रम कसा मोजावा, हें क्रिकेटच्या भोक्त्यांस सांगावयास नको. १९४३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरींत विजय हजारे ह्यांनीं 'रेस्ट' संघाच्या ३८७ धावांपैकीं एकट्यानें ३०९ काढल्या, आणि तरीही त्यांच्या संघास एका डावानें हार खावी लागली. त्या पराभवाचा डाग हजारे ह्यांच्या खेळीस लावावा, असें कोणाही जाणत्या प्रेक्षकाच्या मनांत आलें नाहीं. मग तोच विवेक येथें कां सुटावा? १९६० पासून १९६८ पर्यंतच्या नऊ वर्षांत सर्वश्रेष्ठ खेळाडूचा मान आठ वेळां रसेल किंवा चेंबरलेन ह्या दोन महाकायांकडे गेला. त्यांच्यामधून तो एकदां हिरावून घेणारा माणूस एकच निघाला, आणि तो १९६४ सालचा रॉबर्टसन होय. आणि १९७० सालीं तो मिलवॉकी बक्स ह्या संघांत गेला, तेव्हां काय झालें? आदल्या वर्षीं ५६ सामने जिंकलेल्या त्या संघानें ह्या बत्तीस वर्षांच्या गार्डच्या हातीं सूत्रें येतांच ६६ जिंकले, आणि अंतिम फेरींत बाल्टिमोरला चार सामन्यांत चारी मुंड्या चीत केलें. तरुण ॲल्सिंडरमुळें रॉबर्टसनला अजिंक्यपद मिळालें, हें खरें. पण रॉबर्टसन नसतांना तें ॲल्सिंडरला आदल्या वर्षीं मिळालें नव्हतें, हेंही तितकेंच खरें आहे.

तिसरा आक्षेप स्वभावाचा. तो सोबत्यांवर चिडे, चुकीच्या जागीं उभ्या राहिलेल्या गड्यास फटकारी, पंचांशीं हुज्जत घाली. हा दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. स्वतः अचूक असणारा माणूस इतरांच्या चुकांविषयीं असहिष्णु होतो, आणि त्यामुळें त्याच्याभोंवतीं प्रेमापेक्षां धाकच अधिक जमतो. मॅजिक जॉन्सनचें हास्य जसें लोकांच्या मनांत घर करून राहिलें, तसें रॉबर्टसनचें कांहींच राहिलें नाहीं. त्याचा खेळ काटकसरीचा होता, त्यांत नखरा नव्हता. उड्यांचे व चमत्कारांचे चाहते अशा खेळाडूस लवकर विसरतात.

आणि आतां ज्या गोष्टीचा हिशेब कोणत्याच सदरांत मांडतां येत नाहीं, तिच्याकडे येऊं. त्या काळीं अमेरिकेंतील धंदेवाईक खेळाडूची स्थिति वेठबिगारासारखी नसली, तरी फारशी स्वतंत्रही नव्हती. ज्या संघानें त्यास निवडलें, त्याच संघाकडे त्यानें खेळावयाचें. कराराची मुदत संपली तरी त्याच्यावरील हक्क संघाकडेच राही. मालकानें विकल्याखेरीज दुसरीकडे जाण्याची मुभा नसे. निवृत्तिवेतनाचा तर पत्ताच नव्हता. १४ जानेवारी १९६४ रोजीं बॉस्टन येथें निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना होता, आणि तो दूरचित्रवाणीवरून देशभर दाखविला जावयाचा होता. निवृत्तिवेतनाचें वचन मिळाल्याखेरीज मैदानांत उतरावयाचें नाहीं, असें ठरवून सर्व खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलींत बसून राहिले. वचन मिळालें तेव्हांच ते बाहेर आले. त्या मंडळींत रॉबर्टसन होता. आणि त्या रात्रीं सर्वोत्तम खेळाडूचें पारितोषिकही त्यानेंच मिळविलें.

पुढल्या वर्षीं तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, आणि १९७४ पर्यंत त्या जागीं राहिला. मध्यंतरीं १९६७ सालीं दुसरी एक प्रतिस्पर्धी संघटना, ए. बी. ए., निघाली होती, आणि दोन गिऱ्हाइकें झाल्यामुळें खेळाडूंस थोडा भाव आला होता. मालकांनीं दोन्ही संस्था एक करण्याचा घाट घातला. तो सिद्धीस गेला असता, तर खेळाडूंस पुन्हां एकच दार उरलें असतें. तेव्हां १६ एप्रिल १९७० रोजीं रॉबर्टसन व त्याचे तेरा सहकारी ह्यांनीं मक्तेदारीविरुद्धच्या कायद्यान्वयें फिर्याद गुदरली. फिर्यादींत पहिलें नांव रॉबर्टसनचें होतें, आणि तो खटला त्याच्याच नांवानें ओळखला जातो. सहा वर्षें तो चालला. १९७६ सालीं तडजोड झाली, आणि खेळाडूस जन्माचें बांधून ठेवणारें तें कलम गेलें. दोन्ही संस्थांचें एकीकरण त्यानंतरच झालें. पुढें टप्प्याटप्प्यानें, १९८८ पर्यंत, मुदत संपलेल्या खेळाडूस आपला संघ आपण निवडण्याचा पुरता हक्क मिळाला. आज ह्या खेळांतील तरुणांस जी अपरंपार संपत्ति व जें स्वातंत्र्य लाभलें आहे, त्याचा पाया ह्या खटल्यानें घातला.

तारखांकडे वाचकांनीं पुन्हां एकदां पाहावें. रॉबर्टसननें खेळ सोडला १९७४ सालीं. तडजोड झाली १९७६ सालीं. ज्या दाराची कडी काढण्यांत त्यानें आपल्या उमेदीचीं वर्षें खर्चिलीं, त्या दारांतून खेळाडू म्हणून त्यास स्वतः एकदांही जातां आलें नाहीं. ज्यांच्या हातीं पुढील नोकऱ्या व मानसन्मान होते, त्याच मालकांविरुद्ध, कीर्तीच्या शिखरावर असतांना, त्यानें आपलें नांव फिर्यादीच्या माथ्यावर लिहूं दिलें. गमावण्यासारखें ज्याच्यापाशीं कांहींच नसतें, त्यानें लढणें सोपें आहे. रॉबर्टसनपाशीं गमावण्यासारखें पुष्कळ होतें.

मग त्याचें स्थान कोणतें? आम्हीं वर्गांत इतिहास शिकवितांना विद्यार्थ्यांस नेहमीं सांगत आलों आहों कीं, आंकडा हा पुरावा असतो, निकाल नसतो. आणि निकाल देतांना न्यायाधीशानें आपली कारणें सांगितलीं पाहिजेत. त्याप्रमाणें आम्ही आमचा निकाल सांगतों. केवळ मैदानावरील खेळाचा विचार केला, तर गार्ड ह्या जागीं खेळलेल्यांत पहिला मान मायकेल जॉर्डन ह्यास दिला पाहिजे. सहा अजिंक्यपदें, आणि बचाव व चढाई ह्या दोन्हींत सारखेंच प्रभुत्व, ह्यांपुढें वाद चालत नाहीं. दुसरा मान मॅजिक जॉन्सनचा. त्याचीं अजिंक्यपदें पांच आहेत, आणि उंच माणसानेंही गार्डच्या जागीं राहून सर्व खेळ चालवावा, ही पद्धत त्यानें पूर्णत्वास नेली. परंतु ती पद्धत पाडली कोणीं? सहा फूट पांच इंच उंचीचा, धिप्पाडांच्या गर्दींत शिरून रिबाउंड घेणारा आणि तोच चेंडू स्वतः पुढें नेऊन सोबत्यास देणारा गार्ड मॅजिकच्या वीस वर्षें आधीं होऊन गेला होता. म्हणून तिसरें आसन रॉबर्टसनचें, असें आम्ही मानतों. स्टीफन करीचे चाहते ह्यास हरकत घेतील. दूरच्या नेमानें खेळाचें रूपच पालटणाऱ्या त्या खेळाडूचा हक्क मोठा आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु खेळाच्या सर्व अंगांतील परिपूर्णता ही कसोटी धरली, तर पारडें रॉबर्टसनकडेच झुकतें. जेरी वेस्ट हा त्याचा समकालीन व मित्र मोठाच. तथापि दोघांस समोरासमोर ठेविलें असतां आम्ही रॉबर्टसनला अर्धें पाऊल पुढें ठेवूं.

हा झाला मैदानापुरता निकाल. पण एखाद्या खेळाच्या इतिहासांतील थोर पुरुष म्हणजे त्या खेळाच्या चार रेघांच्या आंतलाच पुरुष, असें आम्ही मानीत नाहीं. रेघांच्या आंत कसें खेळावें आणि रेघांच्या बाहेर कसें जगावें, ह्या दोन्ही गोष्टी ज्यांनीं बदलल्या, अशांची मोजदाद केली, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच नांवें निघतील. बिल रसेल त्यांतला एक, आणि ऑस्कर रॉबर्टसन दुसरा. ह्या यादींत जॉर्डन व मॅजिक ह्यांचाही क्रमांक त्यांच्या मागून लागतो, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

१९५५ सालीं त्या सोळा वर्षांच्या मुलास शहराच्या चौकांत एक फेरी मारून आणून परत त्याच्या वस्तींत पोंचविण्यांत आलें. खेळाच्या इतिहासकारांनींही त्याची बरीचशी तीच गत केली आहे. ट्रिपल-डबलच्या आंकड्याभोंवतीं त्यास एक फेरी घालावयाची, आणि चौकांत उभें राहूं न देतां निरोप द्यावयाचा, हा त्यांचा रिवाज पडला आहे. तो आंकडा आतां इतरांनींही गांठला, हें एका परीनें बरेंच झालें. निदान यापुढें तरी त्या आंकड्यावांचून ह्या माणसाकडे पाहावें लागेल. आणि तसें पाहिल्यास तो पूर्वीं दिसत होता त्याहून मोठाच दिसेल, अशी आमची खात्री आहे.